तिच्या अंगात काही आलं नव्हतं

(जालना येथे बायकांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



भोकरदन तालुक्यातल्या एका बाईची हकिकत सांगते. वय 26. दोन वर्षं सांधे धरलेले, उन्हात गेली की गाल लाल व्हायचे, केस गळायचे. दोनदा गर्भ पडला. सासरचे म्हणायचे, कामाचा कंटाळा. मग एके दिवशी झटके आले, ती असंबद्ध बोलू लागली. तिला देवऋष्याकडे नेलं. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी पहिली वाट अजून तिकडेच जाते.

तिला ल्युपस होता. यात शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही बहुधा ऐन उमेदीतल्या. सांधे, कातडी, मूत्रपिंड, तसा मेंदूही सापडतो. काहींच्या रक्तात गुठळ्या होतात, गर्भ पडतात. आपल्याकडे त्याचा दोष थेट बाईच्या कुशीवर!

साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला नेऊन तिचा एमआरआय काढला. रिपोर्ट 'नॉर्मल'. नवरा मला म्हणाला, "बघा ताई, सगळं नाटक." इथे आपण अडवायचं. एमआरआय चुंबकाच्या जोरावर मेंदूचं चित्र काढतो. गुठळीने मेलेला भाग, जुने व्रण त्यात दिसतात. पण ल्युपस मेंदूला छळत असतानाही चित्र स्वच्छ येऊ शकतं. म्हणून रक्त, लघवी, गरज पडल्यास पाठीतलं पाणी, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. नुसता फोटो म्हणजे बाईच्या खरेपणाचा दाखला नव्हे.

पुढे हिमोग्लोबिन 5 वर आलं, रक्त चढवलं. दुसऱ्या पिशवीला हुडहुडी भरून ताप आला. आता हा ताप आजाराचा, जंतूंचा, की रक्ताचा? अशा वेळी आधी रक्त थांबवून तपासायचं असतं. दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे अशा तापाचं एक नेहमीचं कारण. एका पिशवीत त्या 100 कोटींच्या घरात असतात. चांगल्या फिल्टरमधून गाळलं की 50 लाखांच्या खाली येतात. ताप कमी होतो, पांढऱ्या पेशींत लपणारे काही विषाणूही अडतात. एचआयव्हीसाठी मात्र फिल्टर पुरत नाही, तपासणी लागतेच. आणि गाळायचं ते रक्तपेढीतच, साठवण्याआधी. पिशवीत पडून राहिलेल्या पेशी ताप आणणारी द्रव्यं सोडतात, ती मग खाटेजवळच्या फिल्टरने नीट निघत नाहीत.

ब्रिटनमध्ये 1999 पासून सगळंच रक्त गाळून देतात. आपल्याकडे सर्रास नाही, आणि मागितलं तर जादा पैसे. 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकणं बंद झालं. ते झालं, मग ज्या बाईला वारंवार रक्त लागतं तिला गाळलेलं रक्त सरकारी खर्चाने का मिळू नये?

आणखी एक. "नवऱ्याचंच रक्त द्या," असा आग्रह होतो. मूल हवं असलेल्या बाईला ते शक्यतो टाळतात. तिच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, तर पुढच्या बाळाला बाधू शकतात.

ती बाई आता गोळ्यांवर आहे, माहेरी असते. दर महिन्याला फाईल पिशवीत घालून एसटीने एकटी तपासणीला जाते. नवरा अजून एकदाही सोबत गेलेला नाही.