पगाराआधी वय मोजा



बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात एकच प्रश्न फिरतो : काय भो, पोराला कशात टाकतो? उत्तर मिळतं ते पगाराच्या आकड्यात. माझं म्हणणं एवढंच, की पगाराच्या आधी वय मोजा.

आपल्याकडे गल्लोगल्ली सापडणारी बी.एस्सी., बी.एड. घ्या. बावीस वर्षांच्या एका मुलीने २०१२ साली बी.एड. पूर्ण केलं, असं धरू. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने शिक्षकभरतीला चाप लावला. शिक्षकांची अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७मध्ये; भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून नेमणुका निघाल्या २०१९ साली. मुलगी एकोणतिशीची झाली. पुढे तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना ८,००० रुपये. हे मानधन १८,००० झालं ते जानेवारी २०२३पासून, म्हणजे हिची तीन वर्षं भरल्यावर! बत्तिसाव्या वर्षी ३८,६०० मूळ वेतन आणि वर महागाई भत्ता. या नोकरीला वाईट कोण म्हणेल? पण मधली दहा वर्षं कुठल्या खात्यावर टाकायची? आणि ही तर नशीबवान, हिचं नाव यादीत आलं.

शेजारचा मुलगा दहावीनंतर आयटीआयला गेला. दोन वर्षं फिटर, एक वर्ष अप्रेंटिसशिप. एकोणिसाव्या वर्षी तो सुरतेला नाहीतर चाकणला कामाला लागला. कंत्राटी का असेना, तेरा वर्षं आधी घरात पैसा आला. त्याचा पगार मात्र फारसा चढत नाही, आणि कंत्राट संपलं की पुन्हा शोधाशोध. चाळिशीनंतर बाईंचं पारडं जड होतं. तोवर कळ काढायला घरात कोरडवाहू दोन एकर आहेत की बागायती केळी, यावर सगळं ठरतं. हे कोणी बोलत नाही.

कोणीतरी लगेच जळगावचे उद्योजक भवरलालजी जैनांचं नाव घेतं. १९६३ साली सात हजारांवर रॉकेलचा धंदा सुरू केला, पदवी काय कामाची? अहो, ते वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर होते. चालून आलेली सरकारी नोकरी त्यांनी सोडली. शिक्षण सोडलं नव्हतं.

खर्चाची बाजूही बदलली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ आहे. खोलीभाडं आणि मेस मात्र माफ नाही. तळोद्याहून जळगावला शिकायला येणाऱ्या मुलीच्या बापाला विचारा, तो आकडा तोंडपाठ सांगेल.

म्हणून प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फलकावरचं सर्वांत मोठं पॅकेज वाचून परत फिरू नका. ते एका मुलाचं असतं. मागच्या तुकडीतली किती मुलं कामाला लागली, किती महिन्यांनी लागली, कुठल्या गावात आणि कापून हातात किती येतात, हे विचारा. खिडकीतला माणूस वैतागेल. वैतागू द्या.