उंबऱ्याशी जागणारे यंत्र



सुरतेच्या लिंबायत भागात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील पुष्कळांचा चरितार्थ यंत्रमागावर चालतो. अशा घरातील एखादा मुलगा म्हणाला की, 'इलेक्ट्रॉनिक्सची विद्या आपल्यासारख्यांची नव्हे', तर मी त्याला प्रथम मागाकडेच पाहावयास सांगेन. कित्येक मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचे मंडल पुरे होते आणि माग थांबतो. एक गोष्ट जाणावयाची आणि तीवरून दुसरी करावयाची, एवढेच यातील तत्त्व. आज मी ज्या चिमुकल्या बोर्डाविषयी बोलणार आहे, त्याचे कामही याहून निराळे नाही.

२००५ साली इटलीतील इव्रिया या गावी, विद्युतशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा म्हणून 'आर्डुइनो' हा बोर्ड जन्मास आला. त्यावरील मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपेत सामावलेला छोटा संगणकच. बीबीसी या ब्रिटिश नभोवाणी संस्थेने २०१६ मध्ये 'मायक्रोबिट' नावाचा असाच बोर्ड तेथील लाखो शाळकरी मुलांना विनामूल्य दिला. २०२१ साली आलेला 'पिको' वेगवान आहे आणि स्वस्तही. परंतु त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच मानवतात, ५ व्होल्ट दिल्यास तो निकामी होऊ शकतो. 'आर्डुइनो उनो' ५ व्होल्टवर चालतो व नवशिक्याच्या चुका बऱ्याच सोसतो. म्हणून आरंभ त्यानेच करावा.

पहिला पाठ म्हणजे एक एलईडी लावणे आणि मालविणे. पिनेतून २० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये, यासाठी एलईडीबरोबर २२० ओहमचा रेझिस्टर अवश्य जोडावा. प्रोग्रॅमचे भाग दोनच. पहिला एकदाच चालतो, दुसरा अखंड फिरत राहतो. माग एकदा मांडावा आणि मग धोटा येत-जात राहावा, तसेच हे आहे.

दिवा लागला की पुष्कळांचा उत्साह तेथेच विझतो. कारण पुढे काय करावे हे ठरविलेले नसते. म्हणून मी म्हणतो, गरज आधी शोधा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. लिंबायतला तर पावसाळ्यात खाडीच्या पाण्याचीही धास्ती असते. पाणी रात्री चढते आणि घर झोपेत असते. तेव्हा दाराबाहेर, उंबऱ्यापेक्षा खालच्या पातळीवर, पाणी चढले की मिटेल अशा रीतीने एक फ्लोट स्विच बसवावा. त्याची एक तार बोर्डाच्या पिनेला व दुसरी ग्राउंडला जोडावी. बोर्डातील 'पुलअप' ही सोय प्रोग्रॅममधून चालू केली की स्विच उघडा असताना 'हाय' आणि मिटताच 'लो' वाचले जाते. 'लो' आले की बझर वाजवावा. बझर मोठा असेल तर तो ट्रान्झिस्टरमार्फत चालवावा.

दोन सूचना मात्र विसरू नयेत. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी या बोर्डाच्या तारा कदापि जोडू नयेत. पाण्याच्या सान्निध्यात तर तो जिवाशी खेळ होईल. शिवाय पुरात वीज जाते, म्हणून यंत्र पॉवर बँकेवर चालवावे. काही पॉवर बँका अल्प प्रवाह पाहून आपोआप बंद पडतात; म्हणून एक संपूर्ण रात्र यंत्र चालवून आधीच खात्री करून घ्यावी. मृगाच्या सुमारास दरसाल बादलीभर पाण्यात स्विच बुडवून बझर वाजतो की नाही, हेही पाहावे.

बझर पूर थांबविणार नाही. पण रेशनकार्ड, मुलांची दप्तरे आणि धान्याचा डबा माळ्यावर नेण्यापुरता अवधी त्याने दिला, तर त्या घरात इलेक्ट्रॉनिक्सला कोणी पोरखेळ म्हणणार नाही. आणि ज्या मुलाने ते यंत्र रचले, त्याला ही विद्या आपली नव्हे, असे पुन्हा कधी वाटणार नाही.