बेटांवरचे हरवलेले पक्षी
(विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नामशेष झालेला पक्षी म्हटला की तुम्हाला डोडो आठवतो. डच खलाशी १५९८ साली मॉरिशसला उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याची चित्रे निघाली, वर्णने लिहिली गेली, म्हणून नाव तरी उरले. पण ज्यांच्याविषयी कोणी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्या पक्ष्यांचे काय? आज त्यांची हकीकत सांगणार आहे.

१८३९ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाकडे न्यूझीलंडहून हाडाचा एक तुकडा आला. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, दोन्ही टोके मोडलेली. प्रथम ते बैलाचे हाड वाटले. ओवेन यांनी ते इतर प्राण्यांच्या हाडांशी ताडून पाहिले आणि सांगितले की, हे शहामृगाएवढ्या पक्ष्याच्या मांडीचे हाड आहे. अनेकांनी शंका घेतली. १८४३ साली आणखी पुष्कळ हाडे आली, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले. तो पक्षी म्हणजे मोआ.

मोआच्या नऊ जाती होत्या. सर्वांत मोठ्या जातीची मादी मान उंचावली तर साडेतीन मीटरपर्यंत पोहोचे. वजन दोनशे किलोहून अधिक. पंख मात्र मुळीच नाहीत! असे का व्हावे? दूर समुद्रातल्या बेटांवर वटवाघळे सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणी पोहोचलेच नव्हते. उंदीर नाही, मांजर नाही, कोल्हा नाही. उडण्याला फार शक्ती खर्च होते. ज्या पक्ष्यांना पळून जाण्याचे कारण उरले नाही, त्यांचे पंख हजारो पिढ्यांत खुरटले. ते जमिनीवर घरटी करू लागले. मोआला भीती होती ती आकाशातून झडप घालणाऱ्या प्रचंड गरुडाची.

तेराव्या शतकाच्या अखेरीस पॉलिनेशियातून माणसे होड्यांनी तेथे आली. बरोबर कुत्रे आणि उंदीर होते. शिकार झाली, अंडी खाल्ली गेली, जंगले जळाली. मोआ सावकाश वाढणारा, थोडी अंडी घालणारा पक्षी. ही तूट त्याला भरून काढता आली नाही. दोनशे वर्षांच्या आत सारे मोआ संपले आणि भक्ष्य गेल्यावर तो गरुडही गेला.

हे एकट्या न्यूझीलंडचे नाही. कॅप्टन कुक १७७८ साली हवाईला पोहोचला. तेव्हाचे पक्षी हेच तिथले मूळचे पक्षी, असा पुढे समज झाला. स्टॉर्स ओल्सन आणि हेलन जेम्स यांनी वाळूच्या टेकड्यांतून व लाव्हाच्या गुहांतून हाडे वेचून १९८२ साली हा समज खोडून काढला. उडता न येणारी मोठी बदके, पाणकोंबड्यांचे भाईबंद, अशा कितीतरी जाती कुकच्या आधीच नाहीशा झाल्या होत्या. डेव्हिड स्टेडमन यांनी १९९५ साली अंदाज मांडला की, पॅसिफिकच्या बेटांवर माणसाच्या आगमनानंतर दोन हजारांपर्यंत पक्षीजाती गेल्या असाव्यात.

मित्रहो, ती माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. तारे पाहून अथांग समुद्र ओलांडणारी ती शूर माणसे होती. त्यांना पोरांबाळांचे पोट भरायचे होते. ऱ्हास इतक्या बेताने झाला की, कोणत्याही एका पिढीला तो अखंड दिसला नसेल. आपल्याला मात्र तो दिसतो आहे. म्हणून आपली जबाबदारी अधिक.

आणि जबाबदारी पार पाडता येते. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट १९९५ साली अवघा ५१ उरला होता. त्याला शत्रू नसलेल्या बेटांवर नेऊन जपले, तेव्हा २०२२ साली संख्या अडीचशेवर गेली.

हाडाच्या एका तुकड्याने एवढे सांगितले, कारण कोणीतरी तो टाकून न देता नीट पाहिला. तुम्हीही असेच पाहायला शिका.