‘स्वेच्छे’ने सोडलेली नोकरी



अमेरिकेच्या फौजेविषयी कळवळा दाखवणे हे आपले काम नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. व्हिएतनाम युद्धाच्या बातम्या ऐकत ज्याचे शाळकरी वय गेले, त्या मलाही असे वाटते. परंतु सैनिक हाही पगारावर राबणारा माणूस असतो आणि त्याची नोकरी कशी हिरावली जाते, हा आपल्याच विषयाचा भाग आहे. पारलिंगी, म्हणजे ज्यांना ट्रान्सजेंडर म्हणतात, अशा माणसांना अमेरिकी सैन्यात बंदी झाली. तीत जे आधीपासूनच सेवेत होते त्यांचे काय झाले, एवढेच मला आज सांगायचे आहे.

२०१६ साली संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी या सैनिकांना उघडपणे सेवा करण्याची मुभा दिली. २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत निर्बंध आले, तरी आधीच्या धोरणावर विसंबून ज्यांनी वैद्यकीय निदान करून घेतले होते त्यांना अभय होते. २०२१ मध्ये बायडन यांनी मुभा पूर्ववत केली. २७ जानेवारी २०२५ च्या आदेशाने मात्र ते अभयही संपले.

यातील मेख लक्षात घ्या. लपू नका, डॉक्टरकडे जा, नोंद करा, असे सरकारनेच सांगितले होते. विश्वास ठेवून लोकांनी नोंदी केल्या. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या हिशेबाने असे निदान झालेले सैनिक ४,२४० होते. राखीव दले धरून एकूण फौज वीस लाखांच्या वर! ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खटल्याचा अंतिम निकाल लागण्याआधीच, तीन न्यायमूर्तींचा विरोध असताना बंदीच्या अंमलबजावणीस मोकळीक दिली. दोनच दिवसांनी मुदत पडली: कायम सेवेतील लोकांनी ६ जूनपर्यंत आणि राखीव दलांतील लोकांनी ७ जुलैपर्यंत आपण होऊन बाहेर पडावे, त्यानंतर वैद्यकीय कागदपत्रे तपासून शोध घेतला जाईल. सरकारच्या शब्दावर केलेली नोंद अशी हकालपट्टीची यादी बनली. आणि आदेशाची भाषा पाहा: यांचे जीवन सन्माननीय, सत्यनिष्ठ आणि शिस्तबद्ध जीवनाशी विसंगत म्हणे. ज्यांनी खरे सांगितले, त्यांच्यावर हा ठपका!

आता पैशाचा हिशेब. तो माझा जुना व्यवसाय आहे. खात्याने स्वतःच उदाहरण दिले होते. दहा वर्षे सेवा झालेल्या सार्जंटच्या दर्जाच्या माणसाने आपण होऊन राजीनामा दिला तर त्याला १,०१,६२८ डॉलर मिळतील. काढून टाकला तर ५०,८१४. शिवाय काढलेल्यांकडून पूर्वी दिलेला बोनस वसूल होऊ शकतो. सहा वर्षांहून कमी सेवा असेल तर ही भरपाईच नाही. जिथे आहोत तिथेच राहण्याचा पर्याय ज्यात नाही, ती निवड कसली? मुंबईच्या गिरण्यांत ‘स्वेच्छानिवृत्ती’चे अर्ज भरून देणाऱ्या कामगारांना हे शिकवावे लागणार नाही.

सूट मिळते म्हणतात. पण तीसाठी संक्रमणाचा कधीही प्रयत्न केलेला नसावा, सलग ३६ महिने जन्मजात लिंगाविषयी अस्वस्थता नसावी आणि पुढेही त्याच लिंगाचे नियम पाळण्याची तयारी असावी. थोडक्यात, जो पारलिंगी नाही त्याला सूट!

सर्वांत कठोर बाब निवृत्तिवेतनाची आहे. ते साधारणतः वीस वर्षांच्या सेवेनंतर मिळते. पंधरा ते अठरा वर्षे सेवा झालेल्यांनी मुदतपूर्व निवृत्तीसाठी केलेले अर्ज हवाई दलाने ऑगस्ट २०२५ मध्ये सरसकट फेटाळले. काहींना आधी दिलेली मंजुरीही मागे घेतली. सतरा वर्षे विमाने दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हाती एकरकमी भरपाई येते आणि आयुष्यभराचे वेतन व त्यासोबतची आरोग्यसेवा जाते. वयाच्या चाळिशीच्या आसपास तो नवी नोकरी शोधायला निघतो.

आपल्याकडे हे घडत नाही, असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतीय नौदलाने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका खलाशाला सेवेतून काढले. २०१९ चा पारलिंगी व्यक्तींविषयीचा कायदा नोकरीतील भेदभावास मनाई करतो. तो आपल्या सैन्यदलांना कितपत लागू करून घेता येईल, हा प्रश्न पक्षाच्या खासदारांनी विचारण्याजोगा आहे.