पुलावर थांबलेली पद्मिनी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

सर, बाई आणि वर्गातल्या सगळ्यांनो,

ऑफिसातलं काही सांगायचं नाही, एवढं ठरवून आले आहे. आमच्या गाडीबद्दल बोलते. शाळेच्या फाटकाशी उभी राहणारी पांढरी प्रीमियर पद्मिनी आठवते? पावसात बाबांनी तुमच्यातल्या कितीतरी जणांना तिच्यात कोंबून घरी सोडलंय. कुर्ल्याला ती बनायची कधीच थांबली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांतूनही गेली. आमची मात्र नेरूळला बिल्डिंगखाली आहे.

मागच्या वर्षी ती वाशीच्या खाडीपुलावर बंद पडली. संध्याकाळ, मागे ट्रक, गाडीत आई. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. असं तीनदा झालं. मेकॅनिकने पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं बदललं आणि शेवटी म्हणाला, "वय झालंय, काढून टाका." बाबांनी ते स्वतःवरच घेतलं. पंचाहत्तरीचे आहेत. किल्ली खिळ्याला अडकवली आणि भंगारवाल्याला फोन केला.

मी एक रविवार मागून घेतला.

किल्ली फिरवून कॉइलच्या प्लसवर मल्टिमीटर लावला: १२ व्होल्ट. मेकॅनिकलाही तेवढेच मिळाले होते. इंजिन हाताने जरासं फिरवून पुन्हा मोजलं: ९. वाटलं, मीटरच गेला. मग ट्यूब पेटली. इंजिन जिथे थांबतं त्यावर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडे की मिटलेले, हे ठरतं. उघडे असले तर करंट वाहतच नाही. आणि करंट नाही तर वाटेतला खराब सांधा व्होल्टेज खात नाही, सगळं छान दिसतं. बाई, तुमचा ओहमचा नियम मी दहावीत नुसता पाठ केला होता, आज कबूल करते. कॉइलचा रोध ३ ओहम, सांध्याचा १. म्हणजे १२ पैकी ३ व्होल्ट सांध्यातच जिरले. सांधा तापला की आणखी जिरणार. म्हणून गाडी गरम झाल्यावरच रुसायची.

खात्रीसाठी बॅटरीपासून कॉइलपर्यंत तात्पुरती वायर ओढली आणि पाम बीच रोडवर गेलो. पाऊण तासात एकदाही खोकली नाही. मात्र परत आल्यावर किल्लीने बंदही होईना! बाबाच उतरले आणि बॉनेट उघडून त्यांनी वायर उपसली.

मग पॉइंट मिटलेले ठेवून एकेक सांधा मोजत गेले. डॅशबोर्डखाली आडवी झाले तेव्हा इग्निशन स्विचच्या मागचा लग सापडला, खाडीच्या हवेने हिरवा पडलेला. तो कापला, वायर घासून नवा बसवला. बाबा टॉर्च धरून होते. "एवढंच?" म्हणाले. भंगारवाल्याला नको म्हणून त्यांनीच कळवलं.

आज मला इथे तेच घेऊन आलेत. गाडी फाटकाशी आहे, जुन्याच जागी. नेरूळकडे जाणारं कोणी असेल तर मागे तिघांची जागा आहे.