ममतेची काटकसर

मातेची माया सर्व अपत्यांवर सारखीच असते, असें म्हणतात. परंतु न्यूझीलंडच्या आग्नेयेस असलेल्या अँटिपोडीस बेटांवर निराळाच व्यवहार दृष्टीस पडतो.

त्या निर्जन, खडकाळ किनाऱ्यांवर ताठ तुऱ्याचे पेंग्विन विणीसाठीं येतात. मादी कांहीं दिवसांच्या अंतरानें दोन अंडीं घालते. दोन अंडीं घालणाऱ्या इतर बहुतेक पेंग्विनांत तीं जवळजवळ सारखीं असतात. येथें मात्र दुसरें अंडें पहिल्यापेक्षां ८० टक्क्यांहून अधिक मोठें असतें! लॉइड डेव्हिस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं केलेल्या निरीक्षणांचा वृत्तांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, बहुतेक पहिलीं अंडीं दुसरें अंडें येण्यापूर्वीं किंवा त्याच दिवशीं नष्ट होतात. कित्येकदां तर आईबाप स्वतःच तें बाहेर ढकलून देतात.

हें क्रौर्य म्हणावें काय? शास्त्रज्ञांचें अनुमान असें कीं, पूर्वज दोन पिलें वाढवीत असत; पुढें दोघांपुरतें अन्न समुद्रांतून आणणें अशक्य झालें. तेव्हां पोषणाचा सारा सांठा एकाच अंड्यांत घालणें हाच शहाणपणा ठरला. पहिलें अंडें ही केवळ जुन्या रीतीची खूण उरली आहे.

परंतु या काटकसरीस दुसरी बाजूही आहे. जोडप्यागणिक वर्षाला फार तर एकच पिलूं, आणि ही जात तर आज नष्ट होण्याच्या धोक्यांत आहे. तें एक मोठें अंडें फुटलें, तर त्या घरट्याचें संबंध वर्ष वायां जातें.