दाराजवळची खुर्ची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी बोलणार आहे ते पुस्तकातले थोडे आणि घरातले पुष्कळ. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून मंडळी निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि जाड दगडमातीची घरे निजलेल्यांच्या अंगावर आली. आमच्या वन्संना उमरगे तालुक्यात दिलेले. त्या वाचल्या. त्यांची धाकटी मुलगी वाचली नाही.

त्यानंतर वन्सं आमच्याकडे राहू लागल्या. निजायच्या मात्र ओटीवर, पावसातसुद्धा. रस्त्याने ट्रक गेला, फळीवरची भांडी किणकिणली की धावत अंगणात! मी शहाणी त्यांना सांगे, "वन्सं, विसरा आता." आणि पाहुण्या बायका आल्या की मीच म्हणे, "सांगा ना, काय झाले होते ते." दोन्ही माझ्या चुकाच.

कितीतरी वर्षांनी आम्ही त्यांना मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. पहिल्या दिवशी बाईंनी भूकंपाचे नावही काढले नाही. "कुठे बसाल? दार उघडे ठेवू का?" एवढेच विचारले. वन्संनी दाराजवळची खुर्ची घेतली. मला तेव्हा हसू आले. उपचार तिथूनच सुरू झाला होता, हे मागाहून उमगले.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन विदुषींनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात हाच क्रम सांगितला आहे : आधी निर्धास्तपणा, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणे. संकट टळते, पण शरीराला ते पटत नाही. छाती धडधडते, झोप उडते. म्हणून आधी श्वास संथ करणे, पाय जमिनीवर टेकवून समोरच्या वस्तू एकेक न्याहाळणे, असे साधे शिकवतात. धीर आला की आठवणीला हात घालायचा, तोही सोसेल तेवढाच. "हिला झालेय तरी काय?" असे न म्हणता "हिच्यावर काय ओढवले?" असे विचारायचे.

असा आघात झालेली सगळीच माणसे आजारी पडत नाहीत. बहुतेक घरच्यांच्या आधाराने सावरतात. परंतु महिना उलटूनही झोप नाही, दचकणे थांबत नाही, तर आमच्यासारखी वर्षे दवडू नका. १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा दूरध्वनी २०२२ पासून आहे, मराठीतही बोलतात.

वन्सं आता घरात निजतात, खिडकीशी. गेल्या गणपतीत त्यांनी आपणहून मुलीच्या आवडीच्या पुरणाच्या करंज्या केल्या आणि तिचे नाव घेतले. मी काही बोलले नाही. पाने वाढायला घेतली.